खाली ठेवलेला कंगवा

गादीवाल्याच्या दुकानात एक नियम होता आणि तो त्याला वडिलांकडून आला होता. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय वरचं कापड बदलायचं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, सोफा चांगला दणकट आहे, फक्त कव्हर मळलंय." हा नुसती मान हलवायचा आणि शिवणीत कात्री घालायचा. मग आतून काय काय निघायचं! कुजलेला काथ्या, गंजलेल्या स्प्रिंगा, उंदरांनी केलेलं घर, कधी हरवलेला चमचा. गिऱ्हाईक ओशाळायचं. "बघा," गादीवाला म्हणायचा, "वरून कळत नाही." हे म्हणताना त्याला जे वाटायचं त्याला तो समाधान म्हणत असे. आपणही तूर्तास तेच म्हणू.

दुकानातला हा नियम घरात कधी शिरला ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण मुली लहान होत्या तेव्हापासून रविवारी संध्याकाळचं जेवण आणि प्रार्थना आटोपली की त्या घरात बैठक बसायची. ताटं उचलायची नाहीत. प्रत्येकाने आठवड्यात केलेलं एक चांगलं काम सांगायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं, "कशासाठी?" उत्तर आलं की पुन्हा, "आणि ते कशासाठी?" असं तळ लागेपर्यंत. तळाशी प्रेम निघालं, प्रभूवरचं किंवा माणसावरचं, तर काम चोख. दुसरंच काही निघालं, शाबासकीची हाव म्हणा, कुणाची जिरवायची हौस म्हणा, तर ते काम खाली ठेवायचं. मन साफ होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

थोरली जन्माची फटकळ. ती म्हणायची, "मी भांडी घासली."

"कशासाठी?"

"आईने डोळे वटारले म्हणून."

"आणि ते कशासाठी?"

"डोळे आईचे आहेत, तिला विचारा."

मग आई हसू लपवायला नियम मोडून ताटं गोळा करायला उठायची.

धाकटी मात्र खरंच तळापर्यंत जायची. शाळेत असताना एकदा तिने आपल्या रंगीत पेन्सिली एका मुलीला देऊन टाकल्या. बैठकीत विचारता विचारता चौथ्या "कशासाठी"ला तिचे ओठ थरथरायला लागले. "तिने मला वाढदिवसाला बोलवावं म्हणून," ती म्हणाली आणि रडली. गादीवाल्याचा ऊर भरून आला. एवढ्याशा पोरीला एवढं खोल दिसावं! दुसऱ्या दिवशी त्याने तिला त्या पेन्सिली परत मागून आणायला लावल्या. चर्चमध्ये ही गोष्ट तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. त्यानंतर ती मैत्रीण धाकटीशी कधीच बोलली नाही, तेवढा भाग तो गाळायचा.

चर्चमधल्या मंडळींना हे सगळं फार भावलं. पास्टर भले गृहस्थ, लोकांच्या घरांत शांती नांदावी अशी त्यांना मनापासून तळमळ. त्यांनीच त्याला घरोघर जायला सांगितलं. गादीवाला जायचा, जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि कुटुंबांना आपापले हेतू तपासायला शिकवायचा. कुणी चर्चला बाक दिला होता, त्यावर स्वतःचं नाव रंगवलं होतं. कुणी आजारी सासूला ठेवून घेतलं होतं, पण घर सासूच्या नावावर होतं. ही माणसं ओशाळायची, रडायची, प्रार्थना करायची. बेकरीवाल्या नवराबायकोने मात्र त्याच्या भेटीनंतर महिनाभर एकमेकांशी अबोला धरला. पोरंटोरं त्याला पाठीमागे 'कशासाठी-काका' म्हणायची. त्याला ते कळलं तेव्हा तो खूश झाला.

तो वाईट माणूस होता असं कुणी समजू नये. दिलेला शब्द पाळायचा, खोटा कापूस कधी भरला नाही, बायकोवर तर त्याचा जीव होता. दुसऱ्याचं वाकून पाहायची एकदा सवय लागली की आपलंही काही झाकलेलं असेल हे ध्यानात राहत नाही. त्याचं एवढंच झालं होतं.

आणि मग एके सकाळी त्याची बायको स्वयंपाकघरात उभी होती ती खाली कोसळली.

उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर हळूहळू दोन-चार शब्द परत आले. "पाणी." "नको." आणि दाराकडे पाहून, "ती?" ती म्हणजे धाकटी. थोरली लग्न होऊन त्याच गावात दुसऱ्या टोकाला राहायची. सुटी मिळाली की यायची, येताना काहीतरी घेऊन यायची आणि जाताना डोळे पुसत जायची. धाकटी दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायचं काम करायची, सकाळपासून दुपारपर्यंत. दुपारपासून पुढचं आईचं सगळं तिने आपल्या अंगावर घेतलं.

कुणी शिकवलं नव्हतं, पण तिच्या हाताला ते येत होतं. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायची. आईचं डोकं पलंगाच्या कडेला घेऊन खाली घमेलं ठेवायची आणि लहान बाळाचे धुवावेत तसे केस धुवायची. मग कंगवा घेऊन बसायची. मुळापासून नाही, टोकाकडून सुरुवात. आधी टोकाचा गुंता सोडवायचा, मग थोडं वर, मग आणखी वर, म्हणजे ओढ बसत नाही. तोंडाने एखाद्या गीताची चाल गुणगुणायची, शब्दांशिवाय. विंचरून झालं की एक सैलसर वेणी घालून ती डाव्या खांद्यावर पुढे आणून ठेवायची, कारण आईला तेवढाच हात हलवता येत होता आणि तिला वेणीशी चाळा करायला आवडायचं.

एका रविवारी दुपारी धाकटीला चर्चमधून यायला उशीर झाला. गादीवाला बायकोच्या उशाशी बसला होता. त्याला वाटलं, आज आपण विंचरावं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कधीतरी त्याने तिचे केस विंचरले होते, तेव्हा ती हसून हसून बेजार झाली होती. त्याने कंगवा घेतला आणि वरून खाली ओढला. त्याचे हात दाभणाचे, सुतळी ओढायचे. कंगवा गुंत्यात अडकला. तिने "नको" म्हटलं. "अगं थांब, होतंय," म्हणून त्याने आणखी ओढला. तिने डाव्या हाताने त्याचा हात झटकला. जोर फारसा नव्हता, पण झटकला.

तेवढ्यात दार वाजलं. धाकटी आत आली, पर्स अजून खांद्यालाच होती. आणि बायकोचा चेहरा उजळला. जेवढा हलत होता तेवढा अर्धा चेहरा हसला. दवाखान्यातून आल्यापासून गादीवाल्याने ते हसू पाहिलं नव्हतं. धाकटीने ते रोज पाहिलेलं असावं, कारण तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "काय गं, बाबांनी छळलं का तुला?" म्हणत तिने त्याच्या हातातून कंगवा घेतला. तो उठून बाहेर आला आणि बराच वेळ फाटकाशी उगाचच उभा राहिला.

त्या संध्याकाळी बैठक होती. थोरलीही आली होती. टेबल बाहेरच्या खोलीत, आतल्या खोलीचं दार उघडं, म्हणजे पलंगावरून सगळं ऐकू जायचं. धाकटी आईला सूप भरवून आली. हातात कंगवा तसाच होता, वेणी अर्धी राहिली होती, ती बैठक झाली की घालणार होती.

"तू सांग," गादीवाला धाकटीला म्हणाला.

"मी काय सांगणार, बाबा? आईचं करते तेच."

"कशासाठी?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. असल्या गोष्टीलाही हा प्रश्न लागू होतो हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. "आई आहे म्हणून," ती म्हणाली.

"थोरलीचीही आई आहे. ती रोज येत नाही. तू करतेस. कशासाठी?"

"बाबा, मला मध्ये कशाला ओढता?" थोरली म्हणाली.

पण धाकटी विचारात पडली होती. लहानपणापासूनची सवय, विहिरीत उतरावं तशी ती उतरायला लागली. "मला बरं वाटतं," ती म्हणाली.

"आणि ते कशासाठी?"

"चर्चमधल्या बायका म्हणतात, मुलगी असावी तर अशी." ती अडखळली. "ते ऐकायला मला गोड लागतं. आणि ताई येते ना, तेव्हा मी जरा जास्तच करते. तिला दिसावं म्हणून. तिला दिसावं की आईला मी लागते." तिचा चेहरा लाल झाला. "ताई, माफ कर."

"वेडी आहेस का?" थोरली म्हणाली. "मला ते दिसतंच की. कौतुक वाटतं मला."

"मग खाली ठेव," गादीवाला म्हणाला.

क्षणभर कुणाला कळलंच नाही.

"आईची सेवा म्हणजे वेदीवर ठेवायची गोष्ट. तिथे दिखावा चालत नाही. मन साफ होईपर्यंत खाली ठेव. मी नर्स लावतो."

थोरली उठून उभी राहिली. "बाबा, खाली ठेवायला ती काय तुमच्या दुकानातली खुर्ची आहे? आई आहे ती! हिचा हेतू मळका असेल नाहीतर धुतलेला असेल, पाणी कोमट होतं ना? आईला बरं वाटत होतं ना?"

"या घरात नियम सगळ्यांना सारखा."

"मग आग लावा त्या नियमाला," थोरली म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

धाकटीने कंगवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. आपटला नाही, अगदी अलगद ठेवला. तिचं तसंच होतं. तिने बापावर कधी संशय घेतला नव्हता, स्वतःवर घ्यायला मात्र ती चटकन तयार व्हायची. आतून बायकोने काहीतरी आवाज केला. गादीवाल्याने उठून दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून पगारी नर्स यायला लागली. बाई कामाला चोख होती, पण हातात घड्याळ. धाकटी कामावरून आली की मान खाली घालून त्या दारावरून जायची आणि शेजारच्या खोलीत गुडघे टेकून बसायची. जेवायला बोलावलं की यायची. गादीवाल्याने एकदा विचारलं, "कुठवर आलं?" ती म्हणाली, "अजून नाही, बाबा. मनात येतं, आता आत जावं, आणि लगेच वाटतं की किती चांगली आहे मी, सोडवत नाही मला. म्हणजे पुन्हा तेच." तो म्हणाला, "घाई करू नकोस."

आणि विंचरायचं काम आता तो करायला लागला, आपल्या कंगव्याने. धाकटीचा कट्ट्यावरून त्याने उचलला नव्हता. नर्सला त्याने सांगितलं, केस राहू द्या, मी पाहतो. बायको आता हात झटकत नव्हती. मान जिकडे वळवील तिकडे वळू द्यायची. फक्त रोज दाराकडे पाहून विचारायची, "ती?"

"येईल," तो म्हणायचा. "प्रार्थनेत आहे."

धाकटीला त्याने हे एकदाही सांगितलं नाही. तिला कळलं तर ती दयेपोटी धावत येईल, आणि दयेपोटी केलेलं काही चोख नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. माणूस शहाणा असला की त्याला समजुतीही शहाण्या सुचतात.

असे काही दिवस गेले. एका दुपारी तो तिच्या उशाशी कंगवा घेऊन बसला होता. ती नेहमीसारखी दाराकडे पाहत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती. किती तरी वेळ. मग तिने डावा हात उचलला आणि त्याच्या छातीवर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. तोंड वाकडंतिकडं करून, लाळ गाळत, एकेक अक्षर जुळवत ती म्हणाली,

"कशा... साठी?"

त्याला लगेच कळलं. इतकं लगेच कळलं की तो हसला. "काय कशासाठी? केस कशासाठी विंचरतो? अगं, माझी बायको आहेस तू." तिने पुन्हा छातीवर हात आपटला. तिचे डोळे भरले होते. "दुकानात गिऱ्हाईक थांबलंय," तो म्हणाला आणि कंगवा तिथेच टाकून निघाला.

दुकानात कुणी थांबलं नव्हतं. त्याने एक खुर्ची पुढ्यात घेतली, चांगल्यापैकी होती, तरी उसवली. संध्याकाळी नर्स धावत आली. तो घरी पोचला तेव्हा बायको गेली होती, केस तसेच अर्धवट विंचरलेले होते आणि धाकटी दाराच्या चौकटीत उभी होती. आत नव्हे, चौकटीत.

दफनविधीच्या आधी पास्टरांनी त्याला हलक्या आवाजात विचारलं, "शेवटचं काही बोलल्या का?" त्याने सांगितलं. खोटं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "कशासाठी, असं म्हणाली." पास्टरांचे डोळे पाणावले. उपदेशात ते म्हणाले, "या बहिणीची वाचा गेली होती, पण शेवटच्या श्वासापर्यंत ती मनाची तपासणी करत राहिली. किती जणांना असं मरण मिळतं?" बायका हुंदके देऊन रडल्या. गादीवाला मान खाली घालून बसला, आणि मान खाली घातलेला माणूस नम्रच दिसतो. थोरली त्याच्याकडे टक लावून पाहत होती. आणि धाकटी पांढरीफटक पडली होती, कारण तिला वाटलं, आईने जाताना तिच्याबद्दलच विचारलं. एवढे दिवस माझं करत होतीस ते कशासाठी?

घरी आल्यावर ती एकदाच बोलली. "आईने विचारलं, बाबा, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं." तो म्हणाला, "देव क्षमाशील आहे."

त्यानंतर धाकटी जी आक्रसली ती आक्रसतच गेली. चर्चमध्ये गीतं गायची, ते सोडलं. लोकांना आवडतो ना माझा आवाज, म्हणून. शेजारणीचं बाळ सांभाळायची, ते सोडलं. दोन घास खायची आणि उठायची. एके दिवशी कामावरून आली ती दारातच बसली. दवाखान्याच्या पायरीवर एका म्हाताऱ्याने आधारासाठी हात पुढे केला होता. "मी हात द्यायला निघाले, बाबा. आणि मनात आलं, कशासाठी? सगळे बघतायत म्हणून का? मी ते शोधत होते. तोवर ते पडले." म्हाताऱ्याला थोडं खरचटलं होतं, इतकंच. पण धाकटी स्वतःच्या उजव्या हाताकडे असं पाहत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

गादीवाला त्या दिवशी दुकानात गेला नाही. आपल्या हाताने आपण काय केलंय ते त्याच्यासमोर दारात बसलं होतं. बायको गेली, ती परत यायची नव्हती. ही अजून होती. आणि ही त्याच्या डोळ्यांदेखत जात होती, तेही न बोललेल्या एका वाक्यापायी.

पण माणूस मोठा चिवट असतो. दोनदा तो सांगायला तिच्या खोलीशी गेला आणि "दिवा घालव" एवढंच सांगून परत आला. मग पास्टरांनी कुटुंबांसाठी एक संध्याकाळ ठरवली, हेतूंच्या तपासणीवर. बोलायचं गादीवाल्याने, आणि शेवटी बायकोच्या त्या शब्दाबद्दल सांगायचं. तो हो म्हणाला. त्याने मनाशी ठरवलं, तिथेच सांगून टाकू, सगळ्यांसमोर, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

चर्चचा हॉल भरला होता. बेकरीवाले नवराबायको पहिल्या रांगेत, आता बोलत होते एकमेकांशी. थोरली मध्ये कुठेतरी. धाकटी शेवटच्या बाकावर, कडेला. गादीवाला उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, आणि पुढे काय होणार ते त्याला लख्ख दिसलं. तो सांगेल. हॉल सुन्न होईल. मग कुणीतरी रडेल, मग सगळे रडतील, पास्टर त्याला मिठी मारतील, आणि लोक घरी जाताना म्हणतील, केवढं मोठं मन या माणसाचं, भर सभेत आपली चूक कबूल केली! कशासाठी-काका आणखी मोठे होतील. आणि ती पोर शेवटच्या बाकावर बसून आपल्या आईचं मरण दुसऱ्यांदा सभेत ऐकेल. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःच्या शिवणीत कात्री घातली होती, आणि आत जे होतं ते बघून त्याला शिसारी आली.

"आज मला बोलता येणार नाही," तो म्हणाला आणि खाली बसला.

लोकांना तेही आवडलं. "दुःख ताजं आहे हो," बायका म्हणाल्या. बेकरीवाल्याने पाठीवर हात फिरवला. सुंभ जळाला तरी पीळ राहतो म्हणतात. इथे तर लोकच तो पीळ पुन्हा घालून देत होते.

तिघं मिळून घरी परतायला निघाली. थोरली कोपऱ्यावरून आपल्या वाटेने गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तिला खायला घाला काहीतरी." घरात आल्यावर धाकटी आपल्या खोलीकडे वळली.

"बस जरा," तो म्हणाला.

ती टेबलाशी बसली. रविवार नव्हता, तरी आपापल्या जागी बसले दोघं.

"आई जे शेवटचं बोलली," तो म्हणाला, "ते तुझ्याबद्दल नव्हतं. ते तिने मला विचारलं."

तिने मान वर केली.

"मी तिचे केस विंचरत होतो. तिने माझ्या छातीवर हात आपटून विचारलं. तुला का अडवलं, ते विचारत होती. तिला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"त्या दुपारी तिने माझा हात झटकला. आणि तू आलीस तर हसली. मला ते बघवलं नाही." त्याचा आवाज फुटला. "संध्याकाळी मी तुला खोदत नेलं ते तुझं मन बघायला नाही, पोरी. मला तू त्या खोलीतून बाहेर हवी होतीस. मी जळत होतो. स्वतःच्या मुलीवर. तुझ्यात काही खोट नव्हती. असलीच तर जेवढी सगळ्यांत असते तेवढी."

धाकटीने विचारलं, रागाने नाही, त्या घरात विचारायचे तसंच, "आणि हे आता कशासाठी सांगताय, बाबा?"

तो त्या टेबलाशी इतकी वर्षं बसला होता, पण त्या प्रश्नासमोर कसं वाटतं ते त्याला आज कळलं. "तुझ्यासाठी," तो म्हणाला. "आणि माझ्यासाठीही. मला सहन होत नाही आता. किती तुझ्यासाठी आणि किती माझ्यासाठी, ते मला वेगळं करता येत नाही. जुना नवा कापूस एकदा एकत्र पिंजला की होत नाही वेगळा."

तिने मान हलवली. हे उत्तर तिला खरं वाटलं असावं. मग तिने टेबलावरची एक रेघ नखाने कोरत विचारलं, "आईने मला कधी बोलावलं होतं का? त्या दिवसांत?"

इथे खोटं बोलणं दयेचं झालं असतं. त्याला ते सुचलंही.

"रोज," तो म्हणाला. "दाराकडे बघून म्हणायची, ती?"

"आणि तुम्ही काय सांगायचात?"

"प्रार्थनेत आहे म्हणून."

धाकटीचं नख थांबलं. "मी भिंतीपलीकडेच होते," ती म्हणाली. "तुमचा आवाज यायचा मला. 'येईल, प्रार्थनेत आहे.' मला वाटायचं तुम्ही नर्सशी बोलताय. आईचा आवाज यायचा नाही. मला वाटायचं, तिने त्या संध्याकाळी सगळं ऐकलं. तिला कळलं मी दिखावा करत होते, म्हणून ती मला बोलवत नाही." तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. "मी वाट बघत होते, बाबा. तिने एकदा बोलावलं असतं तर मी साफ-बीफ काही न होता आले असते."

आणि मग ती रडली. दफनाच्या दिवशी रडली नव्हती, ते सगळं रडली. जे सांगून तिच्या उरावरचा दगड उतरेल असं त्याला वाटलं होतं, त्याच्याखाली हा दुसरा होता, आणि तो उतरायचा नव्हता. तिची आई तिला बोलावत होती, आणि ती भिंतीपलीकडे बसून चांगली होण्याची वाट पाहत होती.

तो उठून तिच्यामागे उभा राहिला. तिच्या डोक्यावर ठेवायला त्याने हात उचलला आणि हात अधांतरी थांबला. जुनी सवय. कशासाठी? तिला बरं वाटावं म्हणून, की आपल्याला क्षमा मिळावी म्हणून?

समोरच्या काळ्या खिडकीच्या काचेत तिला तो थांबलेला हात दिसला. खाली कट्ट्यावर तो कंगवा अजून होता.

"त्या दिवशी माझाही असाच थांबला होता," ती म्हणाली. "पायरीवर."

मग त्याने हात ठेवला. तिने तो काढला नाही, आणि त्याच्याकडे सरकलीही नाही. दोघं तशीच राहिली, ती रडत आणि तो तिच्या केसांवर हात ठेवून. त्या केसांत गुंता फार झाला होता.